आठ एमएमचे दोन बोल्ट

रविवार, ७ सप्टेंबर २००३

ही डायरी खरं तर १९९७ची. कारखान्याने वाटलेली, कोरी राहिलेली. त्या वर्षीचे आणि यंदाचे वार तारखांसकट जुळतात, हे शिवाजी पेठेत बहुधा एकट्या माझ्याच लक्षात आलं असेल. वर्ष खोडून वापरायला काढली. विषय: गाडी.

गाडी म्हणजे मे महिन्यात घेतलेली पांढरी मारुती, सेकंडहँड. आधीच्या मालकाने वर्षभर पावसापाण्यात उभी केली होती. ब्रेक मारला की पुढची चाकं किंचाळतात. काल धम्मपालने बघितली. म्हणाला, पुढच्या दोन्ही डिस्क गेल्यात, बदलाव्या लागतील, तोवर लांब जाऊ नका. डिस्क म्हणजे चाकाच्या आतली लोखंडी थाळी. ब्रेक तिला चिमटीत धरतो आणि गाडी थांबते. इतकं साधं आहे. सोमवारी गॅरेजला आणा, तासाभराचं काम आहे, असं त्याचं म्हणणं.

तासाभराचं काम असेल तर मी का करू नये?

धम्मपाल आमच्याच कारखान्यात वर्कशॉपला होता. आता कळंबा रोडला स्वतःचं गॅरेज आहे. मी सत्तावीस वर्षं स्टोअरला. बेअरिंग असो की साधा वॉशर, माझ्या सहीशिवाय खिडकीतून बाहेर गेला नाही. हा खिडकीबाहेर फॉर्म घेऊन उभा असायचा. तीन प्रती. खाडाखोड असेल तर परत. आता त्याने मला तारीख द्यायची, हे बरोबर दिसत नाही.

शिवाय तो गडहिंग्लजचा, शालनच्या माहेरचा. तिला ताई म्हणतो, म्हणून मला दाजी. मी जातपात मानत नाही, शाहूंच्या गावात जन्मलोय. पण चारचौघांत दाजी म्हणायची गरज नसते. साहेब म्हटलेलं चालतं.

मुख्य मुद्दा. सासूबाई, म्हणजे तानाबाई, गडहिंग्लजला एकट्या असतात. शालन त्यांची एकुलती एक. त्यांचं हृदय अशक्त झालंय, डॉक्टरांनी एसटीचे धक्के बंद सांगितलेत. नवरात्रात एकदा अंबाबाईचं दर्शन व्हावं एवढीच इच्छा आहे. मी शब्द दिला आहे: घटस्थापनेला, २६ तारखेला, माझ्या गाडीतून आणतो. एकोणीस दिवस आहेत. काम एका तासाचं. म्हणजे अठरा दिवस तेवीस तास हातात शिल्लक.

सोमवार, ८ सप्टेंबर. सकाळी ७.३०

दोन्ही नव्या डिस्क आणल्या. पाने, हातोडी, जॅक तयार. शालनला सांगितलं, नऊला पोहे कर, तोवर डावी बाजू होईल.

सकाळी ११.१५

चाकाचे चार नट होते. तीन निघाले. चौथ्यासाठी पान्यावर उभा राहिलो. पाना सटकला. मी गटारीत. नट मात्र निघाला, हे महत्त्वाचं. पोहे गार.

मंगळवार, ९ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. गल्लीतून तालमीचा गणपती जाणार. जॅकवर चढवलेली गाडी मधे येते म्हणून पोरांनी कुरकुर केली. काम स्थगित. दोष माझा नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

ब्रेकचा चिमटा, म्हणजे कॅलिपर, सोडवला. तो रबरी पाइपला लोंबकळायला लागला, तो शालनच्या परकराच्या नाडीने वर बांधला. आता डिस्क समोर उघडी. फक्त ओढायची.

ओढली. निघाली नाही.

परत ओढली. हातोडीने चारी बाजूंनी ठोकली. निघाली नाही. गंजून आतल्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याला, चिकटली आहे. आज पितृपक्ष सुरू झाला, तेव्हा एखादी वस्तू न निघणं स्वाभाविक आहे.

शनिवार, १३ सप्टेंबर

महत्त्वाचा शोध. डिस्कच्या तोंडावर समोरासमोर दोन भोकं आहेत. आरपार, आतून आटे पाडलेले, आणि त्यांत काहीच बसवलेलं नाही. रिकामी. चार बोल्टांवर चाक बसतं, मग ही दोन कशाला? विचार केला. पावसाचं पाणी इथूनच आत शिरतं आणि डिस्क गंजते. रोगाचं मूळ सापडलं.

स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाला लावायला आणलेलं एमसील अर्धं उरलं होतं. दोन्ही भोकं गच्च भरली. वरून पाण्याचं बोट फिरवून गुळगुळीत केली. धम्मपालच्या हे जन्मात लक्षात आलं नसतं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

रॉकेल ओतलं. एरंडेल ओतलं. तांब्याची भांडी चिंचेने लखलखतात, म्हणून चिंच कोळून लावली. डिस्क लखलखते आहे. निघत नाही.

शालन म्हणाली, धम्मपालला बोलवा. मी म्हणालो, तू आमटीत चिंच घालतेस तेव्हा मी कुणाला बोलवतो का? ती म्हणाली, चिंच संपली आहे.

बुधवार, १७ सप्टेंबर

उकळतं पाणी. लोखंड तापलं की फुगतं हे शास्त्र आहे. डावा पाय भाजला. पायही फुगला, म्हणजे शास्त्र बरोबर आहे.

गुरुवार, १८ सप्टेंबर. संध्याकाळी ५

धम्मपाल आला. बोलावलं नव्हतं. शालनने फोन केला असावा. मी पटकन चाकावर पोतं टाकलं. पायरीवरच चहा दिला, काचेच्या ग्लासात. त्याच्या हाताला ग्रीस असतं, कपाला लागलं तर निघत नाही. आज हात स्वच्छ होते, पण असतं. शालनने स्वतःचाही चहा तसल्याच ग्लासात ओतला आणि पायरीवर येऊन बसली. तिला कधी कुठे काय करावं हे कळत नाही.

त्याने विचारलं, कुठवर आलं. मी म्हणालो, शेवटच्या टप्प्यात. तो म्हणाला, "दाजी, डिस्कला दोन आटं पाडलेली भोकं असत्यात बघा. ती त्याचसाठी. त्यात आठ एमएमचं दोन बोल्ट पिळायचं, बोल्टच डिस्कला भाईर ढकलतोय. पाच मिन्टात हातात ईल की."

मी पोतं आणखी खाली ओढलं. मग म्हणालो, आमच्या गाडीला तसली भोकं नाहीत.

हे तांत्रिकदृष्ट्या खरंच आहे. आता नाहीत.

त्याने पोत्याकडे बघितलं. माझ्या पायाच्या पट्टीकडे बघितलं. शर्टाच्या खिशातून दोन बोल्ट काढले, पायरीवर ठेवले आणि शालनला, निघतो ताई, म्हणून गेला. स्टोअरमधून नेलेला माल तो कधी इतक्या सहज परत ठेवायचा नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

एमसील काढण्याचा प्रयोग. केवळ जिज्ञासा म्हणून. दाभण, कंपासचं टोक, खिळा. दाभण मोडलं. लावताना मी काम किती पक्कं केलं होतं याचं आश्चर्य वाटतं.

मंगळवार, २३ सप्टेंबर

गडहिंग्लजहून फोन. धोंडुबाई, सासूबाईंच्या शेजारीण. सासूबाईंनी म्हणे नऊवारीला इस्त्री करून आणली. अंबाबाईच्या ओटीचं सामान पिशवीत भरलंय. पिशवी दाराशी ठेवून रोज सकाळी सोप्यात बसतात. जावई गाडी घेऊन येणार, हे गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय.

माणसाने असं गावभर सांगू नये. काम करणाऱ्यावर दडपण येतं.

शुक्रवार, २६ सप्टेंबर. घटस्थापना

घट बसवले. गेलो नाही. धोंडुबाईंच्या फोनवर निरोप दिला, तिसऱ्या माळेला येतो. नवरात्र नऊ दिवसांचं असतं, पहिल्याच दिवशी गर्दी कशाला करायची. दर्शन निवांत व्हावं.

रविवार, २८ सप्टेंबर. तिसरी माळ

आज शालन जरा चढ्या आवाजात बोलली. धम्मपालची जीप आहे. तो आज मोकळा आहे. आपण दोघं जाऊन आव्वाला घेऊन येऊ, असं तिचं म्हणणं. गडहिंग्लजकडे आईला आव्वा म्हणतात.

मी म्हणालो, जावई धडधाकट असताना सासू दुसऱ्याच्या जीपमधून दर्शनाला येणार? पेठेत काय तोंड दाखवू? आणि जीप कुणाची? ती म्हणाली, कुणाची म्हणजे? मी विषय बदलला.

शेवटी म्हटलं, त्यांनाच विचारू. मी स्वतः फोन लावला. धोंडुबाईंनी सासूबाईंना बोलावून आणलं. पायऱ्या चढून आल्या, दम लागला होता. मी स्पष्ट विचारलं, परक्याच्या जीपमधून यायचं की माझ्या गाडीतून, दोन-तीन दिवस थांबून? त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्याच गाडीत बसून यीन. मला काय घाई न्हाई."

फोन ठेवून शालनला म्हणालो, बघ. त्यांना घाई नाही. घाई फक्त तुला आहे.

मंगळवार, ३० सप्टेंबर. पाचवी माळ

आज अंबाबाईची पालखी टेंबलाईला. रस्ते बंद. आज गाडी चालू असती तरी जाता आलं नसतं. म्हणजे आजचा दिवस माझ्यामुळे वाया गेला असं म्हणता येणार नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर

गांधी जयंती. स्वावलंबनाचा दिवस. तालमीचे वस्ताद हंबीरराव यांना बोलावलं. त्यांनी डिस्क दोन्ही हातांनी धरून, पाय बंपरला लावून खेचली. गाडी हलली. जॅक हलला. डिस्क हलली नाही. हंबीररावांची कंबर धरली. पोरांनी खुर्चीतून उचलून नेलं. जाताना ते जे बोलले ते इथे लिहीत नाही.

धम्मपालची जीप आज दीक्षाभूमीला गेली म्हणे, दसऱ्याला नागपूरला त्यांचा मोठा दिवस असतो. तो स्वतः शनिवारी दुपारच्या रेल्वेने मागून जाणार आहे. म्हणजे जीपचा विषय संपला. आता शालनपुढे माझ्याशिवाय पर्याय नाही. हे एका परीने बरं झालं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर. आठवी माळ

लोहाराचा घण आणला. पहिला घाव डिस्कवर. दुसरा अंगठ्यावर. तिसरा घातला नाही.

निश्चय: दसऱ्याच्या मुहूर्तावर शेवटचा जोर. सासूबाईंना दसऱ्याचं दर्शन. सगळं दसऱ्यालाच व्हायचं होतं, म्हणून आधी होत नव्हतं.

शनिवार, ४ ऑक्टोबर. खंडेनवमी. दुपारी १२

घडलं ते वेळेसह नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी काही म्हणायला नको.

७.००: हत्यारांची पूजा. कारखान्यात दर वर्षी स्टोअरची पूजा मीच करायचो. पाटावर लाल कापड. पाने उतरत्या क्रमाने, हातोडी, घण, पेंचीस. धम्मपालचे दोन बोल्टही मांडले, कारण तेही लोखंडच. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. गाडीलाही हार. पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नसतं. त्याला एक दिवस विश्रांती असते. हे लहान पोरालाही माहीत आहे.

८.१०: धोंडुबाईंचा फोन. सासूबाईंना पहाटेपासून श्वास लागतोय. गावच्या डॉक्टरांनी कोल्हापूरला हलवायला सांगितलं. गावात एकही गाडी मिळत नाही, सगळ्या पूजेला लावलेल्या. सासूबाई शालनचं नाव घेताहेत.

८.१५: शालनने स्टँडवरच्या दोन टॅक्सीवाल्यांना फोन केला. त्यांच्याही गाड्या धुऊन हार घालून उभ्या. आज काढणार नाहीत. रीत सगळ्यांना एकच.

८.३५: शालनच्या फोनवरून धम्मपाल मोटरसायकलने आला. पांढरे कपडे, पाठीवर प्रवासाची बॅग. त्याची हत्यारपेटी जीपबरोबर नागपूरला गेलेली. आल्या आल्या चाकाशी बसला, पोतं काढलं आणि डिस्ककडे बघत राहिला. भोकांच्या जागी बोट फिरवलं. मग म्हणाला, दाजी, तो बारीक पाना, हातोडी अन् ते बोल्ट द्या. ही काढून नवी बसवतो अन् हळूहळू नेतो गाडी, उजवीचं मागनं बघू. अर्ध्या तासात निघू.

मी त्याला शांतपणे समजावलं, की हत्यारं पूजेत आहेत.

तो म्हणाला, माफी मागून घेऊ की देवाची. म्हातारीचा जीव हाय. मी म्हणालो, विषय देवाचा नाही, शिस्तीचा आहे. सत्तावीस वर्षं खंडेनवमीला मी स्टोअरची खिडकी उघडली नाही. जनरल मॅनेजर येऊन उभे राहिले तरी उघडली नाही. यावर बराच वेळ चर्चा झाली. शेजारचे चारदोन लोकही जमले. दोघं माझ्या बाजूने होते.

९.२०: शालनने पाटावरचा पाना उचलला. कुंकवासकट. आणि धम्मपालपुढे धरला.

मी म्हणालो, "त्याच्या हातात द्यायचा न्हाई."

'त्याच्या' म्हणजे कुणाच्याही, असं मला म्हणायचं होतं. वाक्य घाईत निघालं. ज्याला जसं घ्यायचं तसं तो घेतो.

धम्मपालने हात मागे घेतला. शालनच्या हातातला पाना हळूच काढून त्याने परत पाटावर ठेवला, होता त्याच जागी, उतरत्या क्रमाने. खाली सांडलेलं फूलही वर ठेवलं. मग रुमालाने बोटाचं कुंकू पुसलं आणि म्हणाला, "ताई, बस मागं. रेल्वेचं र्‍हाऊ दे."

९.४०: दोघं मोटरसायकलवरून गडहिंग्लजला गेले. संबंध पेठेच्या देखत. शालनने पदर कमरेला खोचला होता, चपला घरातल्याच होत्या. मी जाऊ शकलो नाही. घट बसलेत. अखंड दिवा तेवत ठेवायला घरात कुणीतरी हवंच.

पान्यावर ग्रीस होतं, ते लाल कापडाला लागलंय. कापड बदललं.

त्याच दिवशी, दुपारी २

धोंडुबाईंचा फोन. सासूबाई ११.१० ला गेल्या. शालन ११.४० ला पोचली.

अर्धा तास. एवढ्या सत्तर किलोमीटरच्या प्रवासात अर्धा तास इकडेतिकडे होतोच.

संध्याकाळी ६

दिव्यात तेल घातलं. जेवणाचं काहीच नाही. उद्या दसरा, पण पुरणाचा प्रश्न उरला नाही. केळी खाल्ली.

रविवार, ५ ऑक्टोबर. दसरा

हत्यारं उठवली. आता कुणाला हवी असतील तर कुणीही वापरावीत, माझी हरकत नाही. कुणी आलं नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

एसटीने गडहिंग्लजला गेलो. उभ्याने. अंत्यसंस्कार माझ्यासाठी थांबले नव्हते, शनिवारीच उरकले. अग्नी शालनने दिला म्हणे. मडकं धरायला धम्मपाल होता. भाऊबंदांत थोडी कुजबुज झाली, पण शालनने कुणाचं ऐकलं नाही असं धोंडुबाईंनी सांगितलं. मी जावई. मला कुणी विचारलं असतं तर काहीतरी मार्ग काढला असता.

पिशवी अजून दाराशीच होती. शालनने माझ्यासमोर उघडली. ओटीचं सामान: खण, नारळ, हिरव्या बांगड्या. त्याखाली माझ्यासाठी टॉवेल-टोपी. जावयाच्या गाडीत पहिल्यांदा बसताना द्यायची म्हणून आणलेली. शेवटी गाडीच्या आरशाला बांधायचं लिंबू आणि सात मिरच्या, दोऱ्यात ओवून. मिरच्या वाळल्या होत्या. म्हणजे बरेच दिवस आधी ओवल्या असणार.

टॉवेल चांगल्या प्रतीचा आहे.

जमलेल्या लोकांनी विचारलं, जावई आले नव्हते का. मी त्यांना डिस्क हबला कशी चिकटते ते सविस्तर सांगितलं. एका बाईने मधेच उठून आत जाऊन पाणी आणलं, पण मला दिलं नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

परत आलो. शालन तेराव्यापर्यंत तिकडेच. पेठेत सध्या लोक कामात दिसतात, थांबून बोलत नाहीत. हंबीररावांना भेटायला गेलो, झोपले होते. सकाळी दहाला.

डिस्कवर थोडं काम केलं. हात पुसायला नवा टॉवेल घेतला, जवळ तोच होता.

शनिवार, १८ ऑक्टोबर

शालन आली. तेरावं परवा झालं, मी तापाने गेलो नव्हतो. (ताप ९८.८ होता. माझ्यासाठी तो जास्त आहे.) ती माझ्याशी बोलते. चहा हवा का, दार लावा, कंदी पेढे आणू नका. तक्रारीला जागा नाही.

दोरीवर टॉवेल दिसला, ग्रीसचे डाग पडलेला. तिने तो काढला, सोड्यात भिजवला, तीन वेळा धुतला. डाग गेले नाहीत. घडी करून ट्रंकेत ठेवला. मी म्हणालो, डाग राहिले तरी हात पुसायला चालेल. तिने ट्रंकेला कुलूप लावलं.

रविवार, १९ ऑक्टोबर. सकाळी

शालनने धम्मपालला बोलावलं. मला विचारलं नाही. तो आला, स्वतःच्या पेटीसह. मला नमस्कार केला. साहेब म्हणाला. दाजी नाही. माझं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचलं असावं.

आज मी मुद्दाम कप काढायला सांगितला होता, कपाटातला, सोनेरी काठाचा. तो म्हणाला, चहा सोडलाय. डॉक्टरांनी सांगितलंय का, असं मी विचारलं. म्हणाला, व्हय, तसंच.

शालन स्टूल घेऊन चाकासमोर बसली. मनगटावर सासूबाईंचं घड्याळ होतं.

त्याने पोतं काढलं. भोकांतला करडा थर टोकदार पोलादाने उकरायला लागला. शालनने विचारलं, हे काय आहे. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, कायतरी जुनं असंल ताई. मी लगेच सांगितलं, आधीच्या मालकाचं काम. शालन उठून आत गेली. स्वयंपाकघरातून एमसीलची उरलेली पुडी घेऊन आली आणि पायरीवर ठेवली. परत स्टुलावर बसली. मला वाटतं उरलेलं सामान नीट जपून ठेवण्याची सवय तिला माझ्यामुळेच लागली.

भोकं मोकळी झाली. त्याने आटे साफ करायचा टॅप त्यांतून फिरवला. आठ एमएमचे दोन बोल्ट पिळले, एक इकडे थोडा, एक तिकडे थोडा. टक् असा आवाज आला. डिस्क त्याच्या हातात.

शालन म्हणाली, "सात मिनिटं."

त्यातली पाच एमसीलची होती. मूळ काम दोन मिनिटांचं. शिवाय या सात मिनिटांत माझ्या आधीच्या सहा आठवड्यांची मेहनत धरलेली नाही. रॉकेल, चिंच, हंबीरराव, सगळं आत मुरलेलं होतं. मी हे बोलून दाखवलं. धम्मपाल म्हणाला, असंल की साहेब.

मग उजवी बाजू. तिला मी हातही लावला नव्हता. ती दोन मिनिटांत निघाली. यातून घाईने निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

दुपारी १२.३०

नव्या डिस्क बसल्या. धम्मपालने गाडी रंकाळ्यापर्यंत नेऊन आणली. ब्रेक लोण्यासारखा. जाताना तो शालनला म्हणाला, ताई, काय लागलं तर फोन कर. त्याने जुन्या डिस्क भंगारासाठी नेल्या नाहीत. शालनने ठेवायला सांगितल्या. त्या तिने देवघरासमोर भिंतीला लावून उभ्या केल्या आहेत. कशासाठी ते विचारलं नाही.

दुपारी ४

गाडी धुतली. स्वतः. आरशाला ते वाळलेलं लिंबू आणि सात मिरच्या बांधल्या, वाया कशाला घालवायच्या. चालू करून बघितली. किंचाळत नाही. सेल एका झटक्यात.

समाधान वाटलं. शेवटी मी शब्द दिला होता तशी गाडी तयार झाली. थोडा उशीर झाला एवढंच. मन मोठं करून आत गेलो. शालन तांदूळ निवडत होती. म्हणालो, आवर, गाडी तयार आहे, गडहिंग्लजला जाऊन येऊ.

तिने ताटातून मान वर केली नाही.

"कुणाकडं?"

मग बाहेर येऊन गाडीवर कव्हर घातलं.